धुऱ्यापलीकडचे सहा रॉड

विहिरीत पन्नास फूट खाली उतरलेल्या माणसाला दिशा कळत नाही. यारीच्या, म्हणजे काठावरच्या क्रेनच्या, दोराला टांगलेला पाळणा उतरता उतरता दोन-चार गिरक्या घेतो आणि तळाशी पाय टेकेपर्यंत पूर्व कुठली, पश्चिम कुठली, सगळं पुसून जातं. वर पाहिलं तर ताटाएवढं आभाळ आणि काठावरून डोकावणारी तीन-चार डोकी. म्हणून आमच्या धंद्यात दिशा मालकाने द्यायची असते. तो काठावरून ओळंबा सोडतो, ओळंबा जिथे टेकेल तिथल्या खडकावर मी खडूने फुली मारतो आणि मशीनचं तोंड त्या फुलीवर लावतो. पुढे भोक कोणाच्या शेताखालून चाललंय हे वरच्याला दिसत नाही आणि खालच्याला कळत नाही. कळतो तो फक्त आकडा.

मी एकतीस वर्षं आडवे बोअर मारले. गाव अमडापूर, पण निम्मं आयुष्य चिखली, मेहकर, लोणार या तालुक्यांतल्या विहिरींच्या तळाशी गेलं. उभा बोअर सगळ्यांना माहीत असतो. गाडी येते, धुरळा उडतो, अख्खा गाव जमतो. आडवा बोअर मात्र विहिरीच्या आत, तिच्या पोटातून बाजूला मारतात. आमच्याकडे खाली काळा पाषाण, आणि दोन पाषाणांच्या मध्ये कुठेतरी लाल गेरूचा पट्टा. पाणी त्या सांध्यातून चालतं. विहीर त्या सांध्यापासून दहा हात चुकली की कोरडी. मग मनगटाएवढं भोक आडवं नेऊन सांधा गाठायचा. ट्रॅक्टरवरच्या कॉम्प्रेसरची हवा, पुढे हातोडी आणि मागून एकाला एक जोडत जाणारे तीन-तीन फुटांचे रॉड. काम एवढंच, पण या एवढ्याशा कामावर लोक डोळ्यांत प्राण आणून बसलेले असतात.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची भेटली. रोहिणखेडकडचे एकजण तळहातावर नारळ ठेवून दिशा काढायचे आणि नारळ नेमका ज्या बाजूला सावली असेल तिकडेच कलायचा. दुसऱ्या एकाने ओळंबा सोडताना मला वरून सांगितलं, "मिस्तरी, सासऱ्याच्या वावराकडे घ्या. तिकडून लग्नापासून काई आलं नाही, पानी तरी येऊ द्या." त्याच्याकडे खरंच पाणी लागलं. सासऱ्याला मात्र आम्ही कोणी सांगितलं नाही.

हसण्यावारी नेलेली ही गोष्ट पुढे माझ्या अंगाशी आली.

विहीर खणायची तर परवानगीचा कागद असतो. गावाच्या पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून अंतर सोडावं लागतं, सातबाऱ्यावर विहीर चढते. पण एकतीस वर्षांत मी पाहिलेल्या एकाही कागदावर आडव्या बोअरचा रकाना नव्हता. जमिनीचा नकाशा वरून काढलेला, त्यावर धुरे आखलेले. धुरा म्हणजे बांध. खालच्या पाण्याला तो नकाशा कोणी दाखवलेला नसतो. म्हणून आमचा आम्हीच एक नियम पाळायचो. विहिरीपासून धुरा किती फूट ते आधी टेपने मोजायचं, त्याला तिनाने भागायचं, आणि तितकेच रॉड घालायचे. प्रत्येक रॉड आत गेला की मी खालून आकडा ओरडायचा, मालकाने काठावर एक खडा ठेवायचा. शेवटी खडे मोजले की हिशोब संपला.

सुलतानपूरच्या पुढच्या एका गावात दिनकरभाऊंची विहीर होती. माणूस मोठा खातेदार, कष्टाळू, बोलायला फटकळ पण मनाचा वाईट नव्हे. माघ सरत आला होता, गहू ओंबीवर होता, कांद्याच्या बियाण्याला गोंडे धरत होते आणि विहीर तासाभरात तळाला जात होती. पूर्वेकडचा धुरा साठ फुटांवर, म्हणजे वीस रॉड. ओळंबा पूर्वेला सोडला. माझा जोडीदार किसन वर कॉम्प्रेसरवर, मी खाली.

अठरा रॉडपर्यंत नुसती काळी भुकटी. एकोणिसाव्याला भोकातून लाल चिखल थुंकल्यासारखा बाहेर आला. विसाव्याला आणखी लाल. पाणी मात्र नाही.

"लाल येऊन राह्यलं ना मिस्तरी?" वरून दिनकरभाऊंचा आवाज आला.

"हो, पण वीस झाले."

"मंग थांबता काऊन?"

आता खरं सांगतो. दोष एकट्या त्यांचा नव्हता. गेरू दिसल्यावर पाण्याविना वर येणं मला कधी जमलं नाही. अमडापूरचा मिस्तरी कोरडा वर येत नाही, अशी ख्याती होती, आणि ती मला बायकोच्या हातच्या जेवणापेक्षाही गोड लागायची. मी एकविसावा रॉड जोडला. आकडा ओरडलो नाही. वरून कोणी विचारलं नाही, कोणी खडा ठेवला नाही. सव्विसाव्या रॉडला भोकातून असा फवारा आला की मी समोरच्या भिंतीवर आदळलो. वर नारळ फुटला, रोडगे आणि वांग्याच्या भाजीची पंगत झाली. काठावर वीस खडे होते. दिनकरभाऊंनी ते रुमालात बांधून खिशात टाकले.

चौथ्या दिवशी सकाळी एक बाई माझ्या दारात उभी. चाळिशीची, पायांना वावराची माती. तिच्यामागे मोटरसायकलवर तिचा भाऊ बसलेला. तिने पिशवीतून बाटली काढून माझ्यापुढे ठेवली. तळाशी बोटभर लाल गाळ.

"मी कांताबाई. दिनकरभाऊजींच्या धुऱ्याले लागून आमचं वावर हाय," ती म्हणाली. "तुमचं मशीन चालू होतं त्या दिवशी माह्या विहिरीतलं पानी दुधावानी उकळून राह्यलं होतं. मी काठावर उभी राहून पाह्यलं. मंग असं लाल झालं. अन् दुसऱ्या दिवसापासून पानी खाली चाललं तं चाललंच."

मला पुढचं ऐकायची गरज नव्हती. विहिरीतलं पाणी उकळलं, म्हणजे माझ्या कॉम्प्रेसरची हवा तिच्या झऱ्यातून बाहेर पडली. सांधा एकच होता, आणि मी त्याचं तोंड दिनकरभाऊंच्या विहिरीत उघडलं होतं.

कांताबाईचा नवरा शाळेत शिपाई, शेती तीच पाहायची. पाऊण एकरावर शेडनेट आणि आत बियाण्याची मिरची. ती म्हणाली, "अजून महिनाभर पानी पाह्यजे. दोन दिवस टँकर आनला, आता तोही नाही म्हनते. मले भांडन नाही करायचं मिस्तरी. फक्त सांगा, किती रॉड गेले?"

मी म्हणालो, "उद्या गावात येतो, तिथेच सांगतो." घरात चहा ठेवला होता, तोही न घेता ती गेली.

दुसऱ्या दिवशी मारुतीच्या पारावर सरपंच, पोलीस पाटील आणि अर्धं गाव जमलं होतं. दिनकरभाऊंनी रुमाल सोडून वीस खडे पारावर मांडले. "माह्या वावरात मी भोक पाडलं. धुऱ्याच्या आत. खडे मोजा," ते म्हणाले. मग सगळे माझ्याकडे वळले.

पोलीस पाटलांनी विचारलं, "मिस्तरी, किती?"

मी खड्यांकडे पाहिलं. धुरा ओलांडणारा मिस्तरी म्हणून नाव झालं तर चार तालुक्यांत कोणी उभं करणार नव्हतं. एकतीस वर्षांत कमावलेलं सगळं त्या पारावर होतं.

"वीस," मी म्हणालो.

 कांताबाई उठून वावराकडे चालू लागली. खोटं पचलं असं वाटायला हवं होतं, पण तसं वाटलं नाही. मी तिच्या मागे मागे गेलो. कशाला, ते तेव्हाही सांगता आलं नसतं.

शेडनेटमध्ये सात-आठ बाया वाकून काम करत होत्या. बियाण्याच्या मिरचीचं काम मी त्याआधी जवळून पाहिलं नव्हतं. एकेका कळीतले नर-केसर चिमट्याने काढायचे, दुसऱ्या झाडाचा पराग बोटाने लावायचा आणि हात लावलेल्या प्रत्येक फुलाच्या देठाला लाल दोरा बांधायचा. दोऱ्याचं फळ तेवढं बियाण्याचं, बाकी सगळं तोडून टाकायचं. झाडांची पानं खाली मान टाकून होती आणि तरी त्या दोरे बांधत होत्या.

मी एका बाईला विचारलं, "हजारो फुलं. एखादा दोरा असाच बांधला तर कोणाला कळतंय?"

तिने वर न पाहता उत्तर दिलं, "बियाले कळते. बियान्याची कंपनी थे पेरून पाहते. चार खोटे निघाले की पुरं पोतं वापस."

कांताबाई पलीकडून म्हणाली, "मिस्तरी, आता खोटं बोल्ले तं बोल्ले. पानी यायचा काई रस्ता सांगा." त्या आवाजात राग असता तर मला बरं वाटलं असतं.

मी तिथूनच किसनला फोन लावला आणि उद्या मशीन घेऊन ये म्हणालो. मग पोलीस पाटलांकडे जाऊन सांगितलं, "बोअर मोजून दाखवतो. सगळ्यांसमोर. मी खालून आकडा सांगेन, गावाने वर मोजायचा."

दिनकरभाऊ संतापले. "आत्ता तं वीस म्हनलं, उद्या मोजाचं काऊन?" पण नाही म्हणायची सोय नव्हती. वीस खरे होते तर मोजायला भीती कसली?

शेतीची लाईट दुपारी बारापर्यंत. बोअरचं पाणी सतत येत होतं, म्हणून मोटर चालू ठेवूनच मला तळाशी उभं राहता येणार होतं. सकाळी आठला सुरू करायचं ठरलं, पण यारीचा दोर बदलण्यात दहा वाजून गेले. मशीन खाली बसवेपर्यंत साडेअकरा. किसन म्हणाला, "उद्या करू." मला ठाऊक होतं, उद्या माझा धीर राहिला नसता.

पहिला रॉड सरकला. "एक!" मी ओरडलो. वरून पन्नास गळ्यांनी "एक!" म्हटलं. विहिरीत आवाज घुमतो, त्यामुळे तो अंगावरच आला. दोन. तीन. पाण्याचा जोर उलटा, प्रत्येक रॉड रेटून आत घालावा लागत होता. दहा. अकरा. कपडे भिजले होते, बोटं बधिर झाली होती. सोळा. सतरा.

सतराव्याला मोटर बंद पडली. बारा वाजले नव्हते, पण लाईट गेली होती.

पाणी पोटऱ्यांपर्यंत आलं. मी अठरावा जोडला. "अठरा!" वरून मोजणारे आवाज कमी झाले होते. एकोणीसला पाणी गुडघ्यावर, वीसला मांड्यांवर.

"वीस झाले!" दिनकरभाऊ ओरडले. "झालं ना? या वर!"

किसनने पाळणा सोडला होता, तो माझ्या डोक्यावर हलत होता. वर गेलो असतो तर वीसच राहिले असते. लाईट गेली, मिस्तरीचा नाइलाज झाला, कोणी बोट दाखवलं नसतं. मी पाळणा बाजूला ढकलला आणि पुढचा रॉड जोडला. पुढे खडक नव्हता, माझंच भोक होतं; तो तुपात सुरी जावी तसा आत गेला.

"एकवीस!"

वरून कोणी मोजलं नाही. मला माझाच आवाज परत ऐकू आला. बावीस. पाणी कमरेवर. आता बोअरचं तोंड पाण्याखाली गेलं, मी हाताने चाचपून रॉड लावत होतो. तेवीस. चोवीसचे आटे बसेनात. रॉड निसटला, बुडी मारून काढावा लागला. नाकातोंडात पाणी गेलं. त्या क्षणी मला खरोखर भीती वाटली, आणि भीतीतही लाज वाटली की हे पाणी कोणाचं ते मला माहीत होतं.

"वर या मिस्तरी! मरसान!" हा आवाज दिनकरभाऊंचाच होता आणि तो रडवेला झाला होता.

पंचवीस. सव्वीस. पाणी छातीवर असताना रॉड अडला, पुढे खडक. मी वर तोंड करून जेवढा जीव होता तेवढा ओरडलो, "सव्वीस! किसन, हवा सोड!"

कॉम्प्रेसर डिझेलवर चालणारा, त्याला लाईटशी देणंघेणं नव्हतं. रॉड थरथरले. मी पाळण्यात चढलो, यारी मला उचलू लागली. निम्म्या वाटेवर असताना पलीकडच्या वावरातून कांताबाईची हाक आली, "उकळून राह्यलं! माह्या विहिरीत उकळून राह्यलं!"

काठावर आलो तेव्हा कोणी माझ्याकडे पाहत नव्हतं. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "काल मी खोटं बोललो. सहा रॉड धुऱ्याच्या पलीकडे आहेत. मी घातले, मला माहीत होतं."

दिनकरभाऊ धुऱ्यावर जाऊन बसले. मग कांताबाई आली तेव्हा तिला म्हणाले, "वहिनी, मीच म्हनलं होतं थांबता काऊन म्हनून. आता बुजवतो भोक."

"बुजवू नका," ती म्हणाली. "पानी लागलं थे बरंच झालं. माही विहीर तरी कुठं वर्षभर पुरत होती? पन ते दोघांचं हाय. दोघांनी मिळून घ्या."

"अन् उद्या तिसऱ्यानं मारलं तं?"

"त्याले बी घ्या मंग. नाहीतर मी हिकडून मारते, तुमी तिकडून मारा, थो मधून मारते. वावराले भोकंच भोकं, अन् मोटर चालवाले पानी नाही."

त्या संध्याकाळी एक कागद झाला. तलाठ्याने सांगितलं, याला रकाना नाही. म्हणून साध्या कागदावरच लिहिलं: दोन्ही विहिरींचा झरा एक, बोअर सव्वीस रॉड, त्यातले सहा कांताबाईच्या वावराखाली. मोटर दोघांनी एकाआड एक दिवस चालवायची. नवा बोअर कोणी धुऱ्यापलीकडे न्यायचा तर झऱ्यावरच्या सगळ्यांची सही आधी. खाली पोलीस पाटलांची सही. पुढे आणखी दोन विहिरवाले त्यात आले. मिरचीचं सगळंच वाचलं नाही. वरच्या बाजूच्या चार ओळी गेल्या, त्यावर दोरे बांधलेले तसेच वाळले. ते माझ्या मनातून अजून गेलेले नाहीत.

माझे जावई काही वर्षं परदेशात गॅसच्या विहिरींवर नोकरीला होते. तिथे म्हणे एकाच जागेवरून सात-आठ भोकं खाली नेतात, मग वळवून मैल-मैल आडवी घालतात. एकाने भोक पाडलं की शेजाऱ्याच्या जमिनीखालचा वायूही त्याच वाटेने येतो. म्हणून आधी वरच्या सगळ्या जमिनींचा मिळून एक गट करतात, ज्याचा जेवढा तुकडा तेवढा त्याचा वाटा ठरतो, सरकार मंजुरी देतं, आणि मगच मशीन हलतं. जावईबापू हे मोठ्या कौतुकाने सांगत होते. मी म्हटलं, "हे आमच्या कांताबाईने पाऊण तासात केलंय." त्यांना थट्टा वाटली.

माझं मात्र व्हायचं ते झालं. वर्षभर कोणी बोलावलं नाही. किसन दुसरीकडे गेला. मग मेहकरकडचा एक शेतकरी आला आणि म्हणाला, "तुमीच ना थे, बुडत बुडत सव्वीस मोजनारे?" मी एकच अट घातली. खडे मालकाने ठेवायचे नाहीत, शेजाऱ्याने ठेवायचे. तेव्हापासून शेवटपर्यंत माझ्या प्रत्येक विहिरीवर शेजारी बसला. काही कामं त्यापायी गेली, गेली तर गेली.

शेवटचा बोअर मी कांताबाईच्याच विहिरीत मारला. गुडघे बोलायला लागले होते, पण तिचा निरोप आला म्हणून गेलो. ओळंबा तिने सोडला, पश्चिमेकडे. खडे दिनकरभाऊंच्या हातात. ते आता काठीने चालत होते. धुरा चौदा रॉडवर. तेराव्याला लाल चिखल आला, चौदाव्याला आणखी लाल, आणि पाणी नाही.

मी हवा बंद केली. "चौदा झाले!"

"चालू द्या मिस्तरी," दिनकरभाऊ वरून म्हणाले. "माही परवानगी हाय."

"नाही भाऊजी," कांताबाईचा आवाज आला. "पहिले कागद."

मी तळाशी दगडावर बसून राहिलो. चौघांच्या सह्या गोळा व्हायला दीड तास गेला. मग बादलीतून कागद खाली आला, सोबत पेन. साक्षीदार म्हणून माझीही सही हवी होती. मी वाचला. धुऱ्यापलीकडे किती रॉड, ती जागा कोरी होती.

मी वर ओरडलो, "आकडा राहिला इथे!"

"राह्यला नाही," कांताबाई म्हणाली. "थो तुमी भरा. तुमी म्हनसान तितके."

मी कागद गुडघ्यावर धरला. मग कोऱ्या जागेत सहा लिहिलं, खाली सही केली आणि बादली हलवली.

पाणी धुऱ्यापलीकडच्या चौथ्या रॉडला लागलं. उरलेले दोन मी घातले नाहीत.